चिंग दरबाराची देणी

• चीनच्या चिंग राजवटीच्या शेवटच्या काळातल्या लढाया सगळे वाचतात. तहांतली पैशाची कलमं वाचायला हवीत. ब्रिटनशी झालेल्या १८४२ च्या नानकिंग तहानं चीनच्या माथी २ कोटी १० लाख रौप्य डॉलर मारले. त्यातले ६० लाख लिन झेशू या अधिकाऱ्यानं नष्ट केलेल्या अफूची किंमत म्हणून. विष विकणाऱ्यालाच भरपाई!

• ती अफू आपल्याकडूनही जायची. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकायची, मुंबई बंदरातून जहाजावर चढायची. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाबरोबर अफूचाही वाटा होता. जे. जे. रुग्णालयावरून जाताना हे ठाऊक असावं.

• १८९५. जपानकडून हार. २० कोटी ताएल (चिनी वजन) चांदी, शिवाय तैवान. दंड भरायला परकी बँकांचं कर्ज, कर्जाला तारण जकात. ते खातं १८६३ पासून रॉबर्ट हार्ट हा आयरिश माणूस बघत होता. हिशेब चोख, म्हणूनच सावकारांचा डोळा त्या जकातीवर.

• १९००. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावाच्या वेळी राजमाता त्सशीनं परकी देशांशी युद्ध पुकारलं. दक्षिणेतल्या सुभेदारांनी आपले प्रांत त्यातून बाहेर ठेवले. आठ देशांच्या फौजांनी बीजिंग लुटलं. १९०१ च्या कराराचा दंड मात्र सगळ्या प्रांतांवर वाटला गेला : ४५ कोटी ताएल, ३९ वर्षांत, ४ टक्के व्याजानं. व्याजासकट ९८ कोटींच्या वर. बॉक्सर डोळ्यांनी न पाहिलेल्या शेतकऱ्यानंही तो भरला.

• त्या मोहिमेतल्या ब्रिटिश फौजेत बहुतेक शिपाई हिंदी होते. सातव्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधर सिंह यांनी ‘चीन में तेरह मास’ या पुस्तकात तिथले अत्याचार नोंदवले, चिनी लोकांविषयी आपुलकीनं लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

• मे १९११. दरबारानं रेल्वेमार्ग सरकारजमा केले आणि चार देशांच्या बँकांकडून कर्ज काढलं. सिचुआनमध्ये सामान्यांचे पैसे त्या रेल्वेत अडकले होते. तिथं लोक उठले. त्यांना दाबायला हुबेईतलं सैन्य गेलं आणि १० ऑक्टोबरला हुबेईतल्याच वुचांगमध्ये बंड झालं.

• ते बंड पसरत गेलं आणि १२ फेब्रुवारी १९१२ ला सहा वर्षांच्या सम्राट पुयीच्या नावानं राजत्याग जाहीर झाला. जकातीचा पैसा तोवर थेट परकी बँकांत जमा होऊ लागला होता. बॉक्सर दंडाचे हप्ते प्रजासत्ताकाच्या गळ्यात पडले. राजा गेला, त्याच्या नावावरचं देणं रयतेकडे राहिलं.