मुक्कामी गाडी

आमच्या जेवणघराच्या भिंतीवर सध्या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नकाशा टांगलेला आहे. तो मीच काढला. दहावीनंतर चित्रकलेचा डिप्लोमा करून गेली वीस वर्षे मी पोरांकडून पेरू आणि सूर्योदय काढून घेतो आहे, तेव्हा एवढे करणे प्राप्तच होते. येणारा पाहुणा "हे काय?" म्हणून विचारतो. "येत्या मे महिन्यात आम्ही चौघे अठरा दिवस तिथे गाडीत राहायला जाणार आहोत," असे मी सांगतो, आणि पाहुणा माझ्याकडे न पाहता माझ्या बायकोकडे पाहू लागतो.

बायको बिचारी समजावून सांगते. गाडी म्हणजे घरच. चार बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी आणि कपाटाएवढा संडास. दोन खोल्यांचे हॉटेल अठरा रात्री घ्यायचे तर आमचे राहते घर विकावे लागेल. त्यापेक्षा घरच भाड्याने घेऊन हिंडावे. पाहुण्याला हे पटत नाही, पण चहा झालेला असतो.

न्यूझीलंडच का, याचे उत्तर साधे आहे. तिथे रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात आणि आपला इंग्रजीतला परवाना पाहुण्याला चालतो. आणि मास्तराला मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यात. तिथे तेव्हा थंडीची सुरुवात असते आणि जगातले शहाणे प्रवासी पाठ फिरवतात. डिसेंबर-जानेवारीत दिवसाला तीनशे डॉलरच्या पुढे मागणारी गाडी मेमध्ये मला शंभर-सव्वाशेला दिसली. तिथल्या डॉलरचे आपले पन्नासएक रुपये होतात. विमानाचे तिकीट माणशी लाखाच्या आसपास, पर्यटकांवरचा कर माणशी शंभर डॉलर. पोस्टातली पाच वर्षांची आवर्ती ठेव आणि दोन कादंबऱ्यांचे मानधन मिळून हा संसार उभा राहिला आहे. मानधनाचा वाटा किती, हे प्रकाशकाच्या अब्रूखातर सांगत नाही.

प्रथम आम्ही दोघेच जाणार होतो. बाबांना बेत सांगितला तेव्हा ते पान जुळवीत होते. म्हणाले, "गाडयेत निजाक कोण पैशे दिता रे?"

प्रश्न रास्त होता. बाबा एसटीत चौतीस वर्षे ड्रायव्हर होते, आणि त्यांतली निम्मी तरी मुक्कामी गाडीवर गेली. आडगावाला शेवटची खेप घेऊन जायचे, रात्री गाडी देवळापाशी उभी करायची, तीतच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून परत आणायची. आठ वर्षांचा असताना मे महिन्यातच ते मला एकदा बरोबर घेऊन गेले होते. घंटीच्या दोरीवर त्यांनी खाकी सदरा वाळत घातला होता. मागच्या लांब बाकावर मी झोपलो. डिझेलचा, रेक्झिनचा आणि कंडक्टरकाकांच्या तंबाखूचा मिळून एक वास होता. त्यानंतर मी चांगल्या गाद्यांवर झोपलो आहे, पण तशी झोप लागलेली नाही.

ताटे घेता घेता आई बोलली. "तुमी चौतीस वर्सां गाडयेत निजलात. माका बघूचा आसा, झोप कशी लागता ती."

तिने आजवर कशालाही 'मला पाहायचे आहे' म्हटल्याचे मला आठवत नाही. आम्ही बेत एक वर्ष पुढे ढकलला, दोघांचे चौघे झाले, आणि बायकोने न बोलता बांगड्यांचा बेत रद्द केला.

मग चर्चा सुरू झाल्या. पहिली अर्थात संडासाची. गाडीत पक्का बसवलेला संडास असेल तरच ती 'स्वयंपूर्ण' असा तिकडे २०२३ सालचा कायदा आहे. तसा दाखला असलेल्या गाडीला पुष्कळ ठिकाणी रात्री फुकट उभे राहता येते, म्हणून ती हवीच. मात्र संडासाखालची पेटी ठरलेल्या जागी नेऊन आपल्या हातांनी रिकामी करावी लागते. मी हे वाचून दाखवले आणि सगळे नकाशाकडे पाहू लागले. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "आप्पासाहेबांनी त्येच्यासाठी उपास केलो हुतो." आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून उपोषण केले, ही गोष्ट आमच्या बाजूच्या जुन्या माणसांना ठाऊक असते. "ता काम माझ्याकडे," असे म्हणून बाबांनी विषय मिटवला.

दुसरी चर्चा कुळथाच्या पिठाची. खाण्याचा जिन्नस न सांगता नेला तर तिथल्या विमानतळावर चारशे डॉलर दंड. मध अजिबात चालत नाही. लिहून दिले तर फार तर वस्तू ठेवून घेतील, दंड नाही. आईने सगळी यादी सुवाच्य अक्षरात करून ठेवली आहे. तिच्यात मीठही आहे.

ज्याची चर्चा होत नव्हती ते एकच होते. गाडी कोण चालवणार?

मी आजवर एक लहानशी मोटार चालवलेली. बाबांनी आंबोलीचा घाट हजारो वेळा चढला-उतरला. पण ते एकाहत्तर वर्षांचे, आणि दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्यांनी मनात स्वतःला धरले होते हे मला कळत होते. कंपनीच्या अटींत वयाची आडकाठी सापडेल, म्हणजे मला तोंड उघडावे लागणार नाही, अशा आशेने मी त्या तीनदा वाचल्या. आडकाठी नव्हती. त्यांचा परवानाही चालू होता.

गेल्या फेब्रुवारीत एका मित्राची टेंपो ट्रॅव्हलर सरावासाठी मागून आणली. दाणोलीपर्यंत मी नेली. तिथे बाबा म्हणाले, "दी." मी दिली. वळणामागून वळण त्यांनी असे घेतले, की मागच्या बाकावरची पाण्याची बाटली हलली नाही. मी मनात म्हटले, उगीच घाबरलो. वर पोचता पोचता तिन्हीसांज झाली आणि धुके उतरले. डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक माणूस कडेने चालला होता. मी ओरडलो. गाडी त्याच्यापासून हातभर अंतराने गेली. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

बाबांनी पुढे रुंद जागा पाहून गाडी उभी केली. गिअर काढला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले. सगळे सावकाश. "माका तो दिसलोच नाय," म्हणाले. मग उतरले, गाडीला पुढून वळसा घालून माझ्या दारापाशी आले आणि दार उघडून उभे राहिले. "फुडे तू घे."

परतताना ते दोनच वेळा बोलले, दोन्ही वेळा गिअरबद्दल.

आठवडाभर त्यांनी नकाशाकडे पाहिले नाही. मग एका सकाळी चष्मा लावून त्याच्यासमोर उभे राहिले आणि माझी वही मागितली. तिच्यात तीन हजार किलोमीटर होते. पहिल्याच दिवशी विमानातून उतरून थेट टेकापो सरोवर, सव्वादोनशे किलोमीटर. "रातराणी करून आयलेल्या डायवराक कोण स्टेरिंग देता?" पहिली रात्र ख्राइस्टचर्चला. मेमध्ये तिकडे अंधार कधी पडतो? पाच-सव्वापाचला. मग चारला मुक्काम. मिलफर्डच्या रस्त्याला मेपासून चाकांच्या साखळ्या जवळ ठेवण्याची सूचना लागू शकते असे कळल्यावर मिलफर्ड खोडला. मी कळवळलो, त्या जागेचे चित्र मी वर्गात फळ्यावर काढलेले आहे. ते म्हणाले, "चित्र काडलंस मां? मगे!" पश्चिम किनाऱ्यावरचे एकेरी पूल मात्र त्यांना पसंत पडले. ज्याच्या बाजूला लहान तांबडा बाण, त्याने थांबायचे. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे का नाही, यावर ते दोन दिवस बोलत होते.

तीन हजारांचे सोळाशे किलोमीटर झाले. डिझेल वाचले, आणि डिझेलच्या गाडीवर तिथे किलोमीटरमागे वेगळा रस्ताकर असतो तोही. वाचलेल्या पैशांत माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिलच्या तळावर दोन रात्री जास्त मिळाल्या. ३७२४ मीटरचे ते शिखर एडमंड हिलरी १९४८च्या जानेवारीत चढले. त्याच साली १ जूनला पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली. हा योग बाबांनीच शोधला आणि तो हिलरींना ठाऊक नसावा याची त्यांना हळहळ वाटते.

आता नकाशाखाली त्यांच्या हातचे वेळापत्रक चिकटवलेले आहे. ख्राइस्टचर्च सुटणार ९.३०, टेकापो पोचणार १४.३०, मुक्काम. डेपोत असे तसेच रकाने आहेत. ड्रायव्हरच्या रकान्यात माझे नाव आहे. कंडक्टर म्हणून बायकोचे, कारण पैसे तिच्याकडे. प्रवाशांच्या रकान्यात आधी १ लिहिलेला दिसतो. तो खोडून २ केला आहे.