थांबायचं नाही, एवढंच

लिहायला बसलं की आपल्यात दोघं बसतात. एक लिहितो आणि दुसरा त्याच्या खांद्यावरून वाकून बघतो. शब्द उमटायच्या आधीच दुसऱ्याचं सुरू होतं: हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय, यात काय विशेष, शुद्धलेखन बघ. त्याचं चुकतं असं नाही. तो फार लवकर येतो.

म्हणून घर जागं व्हायच्या आत मी वही उघडते. अमेरिकन लेखिका डोरोथिया ब्रँड यांनी १९३४ सालच्या आपल्या पुस्तकात हाच मुहूर्त सांगितला होता: उठल्या उठल्या, कुणाशी बोलायच्या, काही वाचायच्या आधी. पुढे १९७३ मध्ये पीटर एल्बो या प्राध्यापकांनी अशा लिहिण्याला, म्हणजे मुक्तलेखनाला, नियम घालून दिला. दहा मिनिटं लिहीत राहायचं. थांबायचं नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. काही सुचलं नाही तर तसंच लिहायचं. लेखिका ज्युलिया कॅमेरॉन रोज तीन पानं भरायला सांगतात. मला तीन पानं जास्त वाटतात, सकाळी डबे भरायचे असतात. दहा मिनिटं मात्र कुठल्याही घरात निघतात.

सुरुवातीच्या ओळी नेहमी त्याच. सिलिंडर नोंदवायचा राहिलाय, दुधाचा हिशेब जुळत नाही, पाऊस कधी उघडणार. या ओळी मला प्रिय आहेत, कारण त्या वाहून गेल्याशिवाय तळातलं वर येत नाही. एकदा खरंच काही सुचेना. 'सुचत नाही, सुचत नाही' करत अर्धं पान गेलं, हात भरून आला, आणि त्या दुखऱ्या हातामागून ओळ आली ती आजीच्या हाताची. तिच्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. कातडी सैल होत गेली तशा त्याच्या रेघा फाकल्या, हिरवा रंग निळसर पडला. भाकरी थापताना पीठ तिथवर चढायचं, वृंदावन झाकून जायचं आणि वरची तुळस तेवढी उघडी राहायची. हे आपल्याला आठवतंय, हेच मला ठाऊक नव्हतं. 'आजी' असं शीर्षक टाकून बसले असते, तर माया, सुरकुत्या आणि नऊवारी एवढंच हाती लागलं असतं.

असा वेग आला की मला साने गुरुजी आठवतात. 'श्यामची आई'चा बराचसा भाग त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिला, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत. आपण हे चमत्कारासारखं सांगतो आणि त्याआधीचं अमळनेर सांगायचं राहून जातं. तिथे शिक्षक असताना ते छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक म्हटल्यावर सुचण्याची वाट बघत बसायला सवड कुठली! ते काही मुक्तलेखन नव्हतं, मुलं ते वाचणार होती. पण तुरुंगात आईच्या आठवणी दाटून आल्या तेव्हा रोजच्या लिहित्या हाताला शब्दांसाठी अडावं लागलं नसेल, असं मला मनापासून वाटतं.

नव्याने सुरू करणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते: वही स्वस्तातली घ्या, भारी वहीत हात बिचकतो. लिहिलेलं त्याच दिवशी वाचू नका, आणि कुणाला दाखवू तर मुळीच नका. मी भरलेली वही महिनाभर कपाटात ठेवते, मग पेन्सिल घेऊन बसते आणि तेव्हा हवी तेवढी चिकित्सा करते. पानंच्या पानं नुसती उलटली जातात, आणि मग एखाद्या ओळीखाली रेघ पडते. तुळशीची ओळ तशीच निवडली गेली. आता तिच्या मागोमाग गोंदणावर एक लेख लिहायला घेतलाय. कुणाच्या आईच्या, मावशीच्या, आत्याच्या हातावर काय गोंदलेलं होतं, ते नात्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना विचारत सुटलेय.