‘प्रक्षिप्त’ : एका संज्ञेविषयी

‘प्रक्षिप्त’ ही संज्ञा मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवितो आहे. ‘क्षिप्’ म्हणजे टाकणे. मूळ संहितेत मागाहून घातलेला मजकूर तो प्रक्षिप्त. संज्ञेचा अर्थ एवढाच. व्यवहारात मात्र आपण ती ‘बनावट’ या अर्थाने वापरतो. या अर्थांतराची किंमत मला ग्रंथांतून नव्हे, घरात कळली.

माझी आजी वारकरी होती. पहाटे ती एक अभंग म्हणे. शेवटी ‘तुका म्हणे’ ही मुद्रा. प्रबंधाच्या काळात मी तो गाथेच्या छापील आवृत्त्यांतून शोधला. विष्णुशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांच्या १८६९ व १८७३ च्या दोन भागांतही तो नव्हता. नव्या विद्येच्या उत्साहात मी तिला म्हणालो, “आजी, हा तुकोबांचा नाही, प्रक्षिप्त आहे.” तिने विचारले, “मग कुणाचा रे?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर तिने तो म्हटला नाही. मी तो उतरवून घेतला नव्हता. आज मला त्याचे धृपद तेवढे आठवते.

संहिताशुद्धी अनावश्यक आहे, असे मला म्हणावयाचे नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनीच ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. प्रश्न वगळलेल्याचे काय करायचे, हा आहे. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. गणपती व्यासांचा लेखक झाला, ही सर्वांच्या तोंडची कथा सुकथनकरांनी आदिपर्वाच्या मुख्य संहितेत ठेवली नाही. पण ती परिशिष्टात छापली. लहान प्रक्षेप तारांकित करून पृष्ठाच्या तळाशी दिले. तेथे ‘प्रक्षिप्त’ हा निवाडा नसून स्थाननिर्देश आहे: अमुक ओळी अमुक पोथ्यांत आहेत, अमुक पोथ्यांत नाहीत.

अभंगाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. ज्या अज्ञात कवीने आपली रचना ‘तुका म्हणे’ने संपविली, त्याने तुकोबांचे नाव चोरले असे आपण समजतो. त्याने आपले नाव सोडून दिले, असेही म्हणता येईल. ‘प्रक्षिप्त’ हा शब्द यांपैकी काय घडले ते सांगत नाही. रचना मूळ संहितेची नव्हे, एवढेच सांगतो.

आजीचा प्रश्न मी आता विद्यार्थ्यांना विचारतो. उत्तर मिळेपर्यंत मजकूर उतरवून ठेवा, एवढे मात्र बजावतो.