मागे राहिलेला गडी

ईदीचे पैसे जमले की आम्ही नि आमचा चुलतभाऊ मेडशीत तासाच्या भाड्याने व्हिडिओ गेम खेळायचो. कॅसेट ठरलेली – कॉन्ट्रा. जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ साली काढलेला हा खेळ. लाइफ तीनच, गोळी लागली की एक गेली. वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए दाबले की तीस मिळत.

धबधब्याच्या टप्प्यात मात्र पुढचा गडी उड्या मारत चढला की पडदा वर सरके, आणि खाली राहिलेला मरे. पुढे नेहमी आम्ही, मागे तो. ‘थांब ना भाई,’ म्हणायचा.

पुढे सातवीत त्याची शाळा सुटली. आम्ही बी.एड. झालो. आज उर्दू शाळेत धडा पुढे नेताना मागच्या बाकासाठी आम्ही थांबतो. त्याच्यासाठी थांबलो नव्हतो.