माझा मंगळ बाराव्या घरात राहतो

डोंबिवलीहून सकाळच्या फास्टने ठाण्याला उतरायचं असेल तर पासाइतकीच एक गोष्ट लागते. आवाज. गाडी सुटल्या सुटल्या सुरू व्हायचं, 'ठाणे? ठाणे उतरणार?' समोरची 'नाही' म्हणाली की तिला मागे घालून आपण पुढे. त्यापुढची हमखास सुनावते, 'ठाण्याला उतरायचं तर स्लो पकडायची ना!' ते ऐकू आलं नाही असं दाखवायचं आणि आणखी एक पाऊल सरकायचं.

मी हे सगळं करते, फक्त मनातल्या मनात. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या वर्षात मी तीनदा घाटकोपर पाहिलं. तिथून उलटी गाडी पकडून ठाणे, मग रिक्षाने वागळे इस्टेट आणि ऑफिसात शिरताना 'गाडी लेट होती'.

घरी कुणाला याचं आश्चर्य वाटलं नाही. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिचा मंगळ व्ययात आहे ना, ती नाही बोलायची."

आता हे प्रकरण काय ते सांगते. २०१२ मध्ये, बारावीच्या सुट्टीत, आई मला कल्याणला एका पत्रिकावाल्या काकांकडे घेऊन गेली. इंजिनीअरिंग की कॉमर्स, एवढंच विचारायचं होतं. काकांनी पत्रिका उलगडली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मंगळ बारावा." आईने असा चेहरा केला की मला वाटलं काहीतरी रिपोर्ट आलाय.

मंगळ म्हणजे ग्रहांचा सेनापती. धडाडी, राग, हक्काने मागणं ही त्याची खाती. आणि बारावं घर म्हणजे व्ययस्थान. खर्च, नुकसान, दवाखाना, तुरुंग, परदेश, झोप असं सगळं तिथे. थोडक्यात, सेनापतीला पडद्यामागे बसवलेलं. मंगळाला चौथी, सातवी आणि आठवी अशा तीन दृष्टी असतात. बाराव्यातून त्या पडतात तिसऱ्या, सहाव्या आणि सातव्या घरावर, म्हणजे पराक्रम, शत्रू आणि लग्न. काकांनी बोटांवर मोजून निकाल दिला. "पराक्रम आहे, पण झाकलेला. राग गिळेल. समोर बोलणार नाही. राबेल ही, नाव दुसऱ्याचं होईल." मग मंगळवारी गणपती आणि पोवळ्याची अंगठी. आणि लग्नाच्या वेळी 'मंगळाची पत्रिका' हे सांगायला विसरू नका.

(ही मंगळाची भानगड किती दुर्मीळ आहे म्हणता? पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं यांपैकी कुठल्याही घरात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारा घरांपैकी पाच! लेडीज डब्यात समोरासमोरच्या दोन बाकांवर चौथ्या सीटसकट आठ जणी बसतात. हिशेबाने त्यातल्या तिघींना तरी मंगळ असणार. तरीही प्रत्येकीच्या घरी तो जणू एकट्या त्यांच्याकडेच मुक्कामाला आलेला असतो.)

काकांचं ते वाक्य मला पाठ झालं आणि हळूहळू ते सॉलिड सोयीचं वाटायला लागलं. मैत्रिणीने उसने पैसे परत केले नाहीत, मंगळ. शेजारच्यांनी आमच्या पार्किंगमध्ये बाइक लावली, मंगळ. ऑफिसात एकदा असर्टिव्ह कसं व्हावं याचं ट्रेनिंग झालं. आरशासमोर उभं राहून 'नाही' म्हणायचा सराव करायचा होता. ट्रेनरने विचारलं, "कुणाला अडचण आहे?" मला होती. मी हात वर केला नाही.

मग डिसेंबर २०२४ आला. क्लायंटसाठी एक मोठं प्रेझेंटेशन होतं. तीन रात्री जागून मी ते केलं, आकडे तपासले, तक्ते तीनदा बदलले. सकाळी माझ्या टीममधल्या सहकाऱ्याने ते 'आपलं' म्हणून मांडलं. मांडलं छान, ते नाकारत नाही. सर खूश. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच.

त्या रात्री घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "काकांनी सांगितलंच होतं." आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. गार वाटलं अगदी. म्हणजे यात माझी काही चूक नव्हती, हे तर ठरलेलंच होतं. वरण-भात खाऊन मी शांत झोपले. ती झोप आठवली की अजून लाज वाटते. टाळ्यांपेक्षा जास्त.

जानेवारी २०२५ मध्ये मंगळ पृथ्वीच्या बऱ्यापैकी जवळ आला होता. संक्रांतीनंतरच्या शनिवारी कल्याणहून मावसभाऊ आपली दुर्बीण घेऊन आला. हा दादा आकाशदर्शनासाठी बदलापूरच्या पुढे वांगणीला जाणाऱ्यांपैकी. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीमागे, पूर्वेला, तांबूस आणि ठसठशीत, बघताक्षणी कळेल असा मंगळ होता.

"हाच तो," मी म्हटलं. "माझ्या बाराव्या घरातला. झाकलेला."

दादा हसायलाच लागला. "झाकलेला? अगं, लग्नरास म्हणजे काय, तर जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. ते पहिलं घर. बाराव्या घरातली रास त्याच्या आधीच उगवून गेलेली असते. म्हणजे तू जन्मलीस तेव्हा मंगळ क्षितिजाच्या वर होता. नुकताच उगवलेला. ढग नसते तर दवाखान्याच्या खिडकीतून दिसला असता!"

मी बारा वर्षं ज्याला पडद्यामागे समजत होते, तो चक्क स्टेजवर उभा होता.

दादाला चेव आला. म्हणाला, आत्ता हा समोरचा मंगळ पंचांगाप्रमाणे कर्केत आहे. कर्क ही त्याची नीच रास, म्हणजे सगळ्यात दुबळा. आणि आभाळात बघ कसा तळपतोय. मग त्याने मिशेल गोकलँ या फ्रेंच माणसाचा किस्सा सांगितला. नामवंत खेळाडूंच्या जन्मवेळा जमवून त्याने १९५५ मध्ये दावा केला की त्यांच्या जन्माच्या वेळी मंगळ नुकताच उगवलेला किंवा माथ्यावरून नुकताच पुढे सरकलेला असण्याचं प्रमाण जास्त दिसतं. नुकताच उगवलेला, म्हणजे साधारण आपलं बारावं घर! इथे ज्याला दबलेला म्हणतात, तो तिथे चॅम्पियनचा. मी लगेच फुशारले. पण दादाने हवा काढून घेतली. फ्रान्समधल्याच एका समितीने पुन्हा हजारावर खेळाडू तपासले, तिचा अहवाल १९९६ मध्ये पुस्तकरूपात आला, आणि त्यात तसलं काही सापडलं नाही. आपल्याकडे पुण्यात जयंत नारळीकरांनी केलेली चाचणी तर अनेकांना आठवत असेल. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या होत्या. २००८ मध्ये निकाल जाहीर झाला. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली होती, आणि बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

खरी गंमत पुढेच आहे. दादा म्हणाला, तुझ्या जन्माच्या वेळचं आकाश मोबाइलवर काढून दाखवतो, वेळ सांग. मी गच्चीवरूनच बाबांना फोन लावला.

"जून ९४, पहाटे चार पन्नास," बाबा म्हणाले. "नर्सने येऊन सांगितलं, मी लगेच घड्याळ बघून लिहून ठेवलं."

"कुठलं घड्याळ, बाबा?"

"हेच की, माझं एचएमटी."

फोनवर दोन्हीकडे शांतता. आमच्या घरातलं प्रत्येक घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं. बाबांची गाडी चुकू नये म्हणून. त्यांचं एचएमटीही तेव्हापासून पंधरा मिनिटं पुढेच आहे. डोंबिवलीत हे नवीन नाही, तुमच्याही घरी असेल.

दादाने चार पस्तीस टाकले. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते आणि मी नेमकी वेशीवर जन्मले होते. वृषभ लग्नाचं मेष लग्न झालं. मंगळ होता मेषेतच, तो बाराव्यातून उठून पहिल्या घरात येऊन बसला. स्वतःच्या राशीत, केंद्रात. पुस्तकात याला रुचक योग म्हणतात. शूर, हुकूम सोडणारा, कुणाला न ऐकणारा वगैरे वगैरे.

आधी मी पोट धरून हसले. मग जाम चिडले, बाबांवर, काकांवर, त्या एचएमटीवर. आणि मग जिना उतरताना लक्षात आलं, की चार पस्तीसला जन्मलेली मुलगीसुद्धा त्या दिवशी टाळ्याच वाजवत होती. पत्रिका चुकीची असेल, पण गप्प मी बसले होते. मंगळ हाताशी नसता तर मी शनी शोधला असता.

एप्रिलमध्ये अप्रेझल झालं. मी आदल्या रात्री चार ओळी लिहून पाठ केल्या आणि केबिनमध्ये त्यातल्या दोन विसरले. आवाज कापत होता. पण ते प्रेझेंटेशन माझं होतं हे सांगितलं, फाइलच्या तारखा दाखवल्या. सर जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते केबिनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. रेटिंग बदललं नाही. पुढचं प्रेझेंटेशन मात्र मी मांडलं, अडखळत. तो सहकारी आता चहाला मला हाक मारत नाही. आमच्या टपरीवरचा कटिंग चांगला असतो, त्यामुळे हे थोडं लागतं.

गाडीत अजून चाचरतेच. मागच्या आठवड्यात 'ठाणे?' असं मोठ्याने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "हो, मीही ठाणेच. ओरडतेस कशाला?"

आईला पंधरा मिनिटांची गोष्ट बाबांनीच सांगितली. मला वाटलं ती पत्रिका दुरुस्त करून आणायच्या मागे लागेल. स्थळं येतायत, आणि पहिल्या घरातला काय, बाराव्यातला काय, पत्रिका मंगळाची ती मंगळाचीच. पण आईने जुनी पत्रिका पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि कपाटात ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "लग्नी मंगळ म्हटलं की मुलगी डोक्यावर बसेल म्हणतात. व्ययातला बरा. गरीब वाटतो."