महाडचं पाणी आणि घरचं सूप

मैत्रिणींनो, पाककृतींची कोणतीही वही उघडून बघा. साहित्याच्या यादीत मीठ असतं, चिमूटभर हळदसुद्धा असते; पण पाणी बहुधा नसतंच! नळ सोडला की झालं, अशी आपली समजूत. पाण्याचं मोल कळायला रायगड जिल्ह्यातल्या महाडला एकदा जायला हवं.

मुंबई-गोवा महामार्गावर, सावित्री नदीच्या काठी हे गाव आहे. एस.टी.नं थेट जाता येतं. कोकण रेल्वेनं गेलात तर वीर स्टेशनवर उतरायचं. बहुतेक सहली इथून रायगडाकडे वळतात, नाहीतर पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठतात. महाडात थांबायला सवड कुणाला? तुम्ही मात्र तासभर काढा आणि भरवस्तीतलं चवदार तळं बघा. जायचं ते पावसाळा सोडून. जुलै २०२१ च्या पुरात हे गाव किती बुडालं होतं, ते सगळ्यांच्या लक्षात असेल.

या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना मनाई होती. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही तळं खुलं असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. मार्च १९२७ मध्ये परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं हाकेच्या अंतरावर, आणि पाणी विकतचं!

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीनं तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. मागोमाग सगळे प्याले. मग गावात अफवा उठली, की आता ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव चालून आला. परिषदेचे काही लोक तेव्हा जेवायला बसले होते. त्यांचं अन्न मातीत मिसळलं, माणसांची डोकी फुटली. पुढे एकशे आठ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. कोर्टात दावा चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला तो १९३७ साली. एका ओंजळीसाठी दहा वर्षं!

आपण बायकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं नीट नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, मेलेल्या जनावराचं मांस घरात आणू नका, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. चूल आणि शाळा, दोन्ही एकाच भाषणात आली.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणाल तर जरा आपल्याच ओट्याकडे बघा. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा कप खिडकीत वेगळा उपडा ठेवलेला असतो की नाही, कितीतरी घरांत? तो हलवायला ना ठराव लागतो, ना कोर्ट. तो आपल्याच हातात आहे.

आता पाण्यावरच उभा असलेला एक पदार्थ सांगते: चिकन-मॅकरोनीचं दाट सूप, चार-पाच जणांपुरतं. पाव किलो हाडांसकट चिकन धुऊन सहा कप गार पाण्यात घाला. कांदा, गाजर, चार मिरे आणि तमालपत्र टाकून मंद आचेवर ठेवा. पाणी गारच हवं बरं का. हळूहळू तापलं की हाडांतला रस पाण्यात उतरतो. वर येणारा फेस काढत जा. पाऊण तासानं पाणी गाळून घ्या, मांस सोडवून बारीक करा.

अर्धा कप मॅकरोनी वेगळ्या भांड्यात उकडा. सुपातच शिजवलीत तर ती सगळं पाणी पिऊन बसते! मॅकरोनी मिळाली नाही तर जाड शेवया चालतील. दुसरीकडे दोन चमचे लोण्यावर दोन चमचे मैदा मंद परता, रंग बदलू देऊ नका. त्यात दोन कप कोमट दूध थोडं थोडं घालत ढवळा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग गाळलेलं पाणी, मांस आणि मॅकरोनी घाला. मीठ, मिरपूड बेतानं. एक वाफ आली की उतरवा आणि दोन चमचे घोटलेली साय मिसळा. लिंबू मात्र पिळू नका, दूध फाटेल.

सूप गरम असतानाच वाढा. दाट वाटलं तर कढत पाणी घालून सारखं करा. आणि कामाच्या बाई त्या वेळी घरात असतील तर त्यांनाही द्या, आपण घेतो त्याच वाट्यांतल्या एका वाटीत.