घरात भट्टी आली त्याची गोष्ट

घरात नवी वस्तू यायची म्हटली की आमच्याकडे आधी वाद होतो, मग हिशेब होतो आणि शेवटी वस्तू येते. फ्रीजच्या वेळी असेच झाले, मिक्सरच्या वेळीही तेच. पण मागे ओव्हनवरून जो वाद झाला त्याने माझीच चूक माझ्या पदरात घातली. म्हणून ती हकिकत वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो आहे.

मार्च महिना होता. जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या घेऊन मी बसलो होतो. पत्नी म्हणाली, "अहो, 14 एप्रिलला विहारातल्या मुलांसाठी दरवर्षी आपण दुकानातून केक आणतो. यंदा घरीच करू या. ओव्हन घेऊ. पुढे नानकटाई करून विकताही येईल, बचत गटातल्या बायका विचारतात."

मी मान वर न करता म्हणालो, "ही चैन आहे. समाजात पोरांना वह्या नाहीत आणि आपण ओव्हन घ्यायचा?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंडळाच्या लाऊडस्पीकरला तुम्ही पाच हजार दिलेत, तेव्हा वह्या आठवल्या नाहीत. समाजाचं करा, मी कधी नाही म्हटलं नाही. पण घरातल्या बाईनं काही मागितलं की लगेच समाज कसा आठवतो तुम्हाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच महिन्यात 8 मार्चला महिला मेळाव्यात मी भाषण केले होते. 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तेव्हा हिंदू कोड बिलाचे कारण त्यांनी देशापुढे ठेवले होते, हे मी तावातावाने सांगितले होते. टाळ्या मिळाल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत माझी पत्नीही होती. त्यांना घरी घेऊन यायचे मात्र मी विसरलो होतो.

माझा जन्म हिशेबात गेला, म्हणून मी हिशेबाचा आधार शोधला. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि एक भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. मी पत्नीला विचारले, "हा ओव्हन कोणत्या भागात बसतो? उपभोगात की धंद्यात?"

ती म्हणाली, "केक तुम्ही खाल्लात तर उपभोग, मी विकला तर धंदा."

बी.कॉम.ला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक तीन वर्षे शिकलो, पण इतक्या सोप्या भाषेत कोणी सांगितला नव्हता.

आमची आई खाटेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आरं, घेऊन टाक. भट्टीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काय असतं, ते मी बघितलंय."

आणि तिने जी गोष्ट सांगितली ती मी पूर्वी ऐकली नव्हती. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो तेव्हाची. 1982 च्या संपानंतर वडिलांची गिरणी सुटली होती. दिवाळी आम्ही करीत नव्हतो. पण सुटीत पोरांनी दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसू नये म्हणून आई नानकटाई करायची. त्या काळी मैदा, साखर, डालडा घरी मळून गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायचे आणि तो ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचा, अशी मुंबईत पद्धत होती. बेकरीवाला ट्रेमागे मजुरी घेई. एका वर्षी रांगेत पुढे असलेल्या बाईने आईला ओळखले आणि भट्टीवाल्याला सांगितले, "त्यांचा ट्रे आमच्या ट्रेला लावू नकोस." त्याने आईचा ट्रे बाजूला काढून ठेवला. सगळ्यांचे भाजून झाल्यावर, आग उतरल्यावर तो आत गेला. नानकटाई पांढरी, कच्ची राहिली. आईने मजुरी पूर्ण दिली आणि पुन्हा त्या बेकरीची पायरी चढली नाही. पुढच्या वर्षीपासून ती मोठ्या पातेल्यात वाळू तापवून, वर ताटली ठेवून स्टोव्हवर भाजायची. ती वाळूवरची नानकटाई मी आवडीने खाल्ली आहे. वाळू का आली हे मला चाळीस वर्षांनी कळले.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून पैसे काढले.

आता खरेदीत काय कळले ते सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. रविवारी आम्ही दोघे आणि मुलगी लोहार चाळीत गेलो. दुकानात दोन जाती दिसल्या. (यंत्रांतही जाती असतात, पण तिथे त्या कामावरून ठरतात!) एक मायक्रोवेव्ह. त्यात लहरींनी अन्नातले पाणी तापते, म्हणून गरम करणे झटपट होते. पण साध्या मायक्रोवेव्हमध्ये केक, नानकटाई वरून खरपूस होत नाही आणि आपली ॲल्युमिनियमची भांडी त्यात चालत नाहीत. दुसरा ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर, ग्रिलर. त्यात वर आणि खाली तापणाऱ्या कांड्या असतात. ही खरी घरातली भट्टी. पत्र्याचे, ॲल्युमिनियमचे डबे चालतात. भाजायचेच असेल तर हाच घ्यावा. कॉइल आणि पंखा असलेला कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दोन्ही कामे करतो, पण तो महाग पडतो.

आम्ही तीस लिटरचा ओटीजी निवडला. रोख किंमत 7,400 रुपये. विक्रेता म्हणाला, "साहेब, बिनव्याजी हप्त्यावर घ्या, खिशाला कळणार पण नाही." मी कागद मागितला. हप्त्यांची बेरीज 8,200 आणि वर शुल्क 199. म्हणजे बिनव्याजी वस्तूला 999 रुपये जास्त! दुकानदार रोखीची सूट काढून घेतो आणि तिथेच व्याज लपते. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 साली बँकांना बजावले होते. ज्या बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या अनुयायांनी निदान हप्त्याची बेरीज करून पाहावी. आम्ही रोख दिले, पक्के बिल घेतले, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतला.

घरी आल्यावर नवी अडचण. ओव्हन 1,600 वॅटचा. 230 व्होल्टने भागले तर जवळपास 7 अँपिअर येतात. ओट्याजवळचा प्लग 6 अँपिअरचा. मुलीने विज्ञानाच्या वहीत गणित करून दाखवले, "पप्पा, यात लावला तर वायर तापेल." वायरमन बोलावून जाड वायर, अर्थिंग आणि 16 अँपिअरचा प्लग करून घेतला. 850 रुपये गेले. कृपा करून कोणीही ही बचत करू नये. आपल्या वस्त्यांत एका प्लगवर तीन यंत्रे लावतात आणि आग लागली की नशिबाला दोष देतात. विजेचे म्हणाल तर पाऊण तास सलग चालला तरी सव्वा युनिटच्या आत. ठरलेली उष्णता आली की कांड्या आपोआप बंद होतात, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी.

पहिला घाणा नानकटाईचा. पत्नीने दहा मिनिटे ओव्हन रिकामा तापवला, मग ट्रे आत ठेवला. आई काचेसमोर स्टूल घेऊन बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "याला वाळू लागत न्हाई?" मुलगी हसली. मी हसू शकलो नाही. वीस मिनिटांनी ट्रे बाहेर आला. आईने एक उचलून उलटी केली, खालचा तांबूस रंग नीट पाहिला आणि म्हणाली, "भाजली."

14 एप्रिलला विहारात पत्नीने केलेले चार केक मुलांनी पाच मिनिटांत संपवले. पुढे अन्नसुरक्षा कायद्याखाली तिने रीतसर नोंदणी केली आणि नानकटाई विकू लागली. समोरच्या इमारतीतल्या एक बाई अर्धा किलो सांगायला आल्या होत्या. दारातून आतला बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि "नंतर कळवते" म्हणून गेल्या, त्या आल्या नाहीत. पत्नीला वाईट वाटले. पण त्याच इमारतीतली चार घरे आता दर महिन्याला नेतात. आई म्हणाली, "न येऊ दे. भट्टी आपली हाय. आता आपला ट्रे कोण बाजूला काढणार?"

चळवळीत काम करणाऱ्या माझ्या बंधूंना एवढेच सांगणे आहे. सभेत समता सांगून घरी आलात की एकदा स्वयंपाकघरात डोकावा. तिथे कोण किती वर्षे कशावर भागवते आहे, ते विचारा. मी उशिरा विचारले. ओव्हनच्या वहीत आता जमा-खर्च पत्नीच लिहिते, आणि माझ्यापेक्षा चोख लिहिते.

जयभीम!